गणपतभाऊ आणि शिशाचा सफेदा

गणपतभाऊ गेल्याचा निरोप शाळेत आला तेव्हा मी फळ्यावर गणित लिहीत होतो. खडू हातातच राहिला… त्याला आता दीड महिना झाला. वडशाच्या आसपास हिवाळ्यात ज्यांनी नाटकं पाहिली, त्यांना भाऊंची राणी आठवत असेल. एरवी धानाच्या बांधीत राबणारा हा सावळा माणूस रंग लावून लुगडं नेसला, की बायासुद्धा टक लावून बघत. मी त्यांच्या मंडळात पेटी वाजवायचो.

तो गोरा चेहरा शिशाच्या सफेद्याचा. तेलात घोटून लावला, की घामानंही हलत नसे. दारं-खिडक्या रंगवायला पूर्वी त्याला फार मागणी. महाग म्हणून भाऊ तो पटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या जत्रेतल्या, मोठ्या नाटकापुरताच वापरत. मग जस्ताचा नवा पांढरा रंग डब्यांतून आला आणि वडशाच्या दुकानदाराकडे जुना माल पडून राहिला. “गुरुजी, आता कोनी पुसत नाई याले. घेऊन जा सारा,” तो म्हणाला. जवळजवळ फुकटच होता. मीच मोठ्या आनंदानं पोतं सायकलवर टाकून आणलं, आणि भाऊ प्रत्येक नाटकाला सफेदा लावू लागले.

दोन हिवाळ्यांत भाऊंच्या पोटात कळा येऊ लागल्या, मग उजवा हात मनगटातून लोंबू लागला. डॉक्टरांनी हिरड्यांवरची निळसर रेघ पाहिली, तोंडाला काय लावता ते विचारलं आणि शिसं अंगात भिनतंय म्हणून सफेदा बंद करायला बजावलं. परतताना भाऊ म्हणाले, “गुरुजी, पटाचं एक नाटक होऊ द्या. नव्या रंगात राणी नाई, भूत दिसतो मी. अन् घरी सांगू नका.” मी नाही म्हणायला हवं होतं…

त्या नाटकाच्या शेवटी, उजाडता उजाडता, राणी मेलेल्या मुलाजवळ बसते. भाऊंनी त्याच्या तोंडावरून फिरवायला हात उचलला आणि तो मनगटातून गळून पडला. मांडवभर बाया रडू लागल्या. काय काम केलं म्हणून लोक वाखाणत होते, आणि मी भाता ओढत राहिलो. पुढं भाऊंनी अंथरूण धरलं, ते सुटलंच नाही.

परवा त्यांच्या घरी गेलो. त्यांच्या पत्नी सीताबाईंनी चहा दिला. ओसरीवर एक दगडी खल होता, आतून पांढराफटक. माझी नजर तिथं गेलेली पाहून त्या म्हणाल्या, “त्यायचा रंग मीच घोटत होती. आता माह्या बी पोटात कळा येऊन राह्यल्या, गुरुजी. दुःखानं असंन.”

“बाई, उद्या माझ्यासंगं डॉक्टरकडे चला.”

“काऊन?”

मी कप खाली ठेवला, आणि भाऊंनी घरी सांगू नका म्हटलेलं सगळं सांगायला लागलो.