एका फ्लॉपीत मावेल तेवढंच

बारामती तालुक्यात प्रगतीला एकट्याने रोखून धरणारा माणूस कोण, असं कुणी विचारलं तर मी बेधडक माझ्या आत्याच्या यजमानांकडे बोट दाखवीन. मी त्यांना मामा म्हणतो. त्यांचं लग्नपत्रिका आणि हँडबिलं जुळवायचं दुकान आहे, आणि खिशातल्या फोनात शंभर सिनेमे मावतात अशा दिवसांत मामा अजून फ्लॉपी वापरतात. तळहाताएवढी काळी प्लास्टिकची चपटी डबी; तिच्यात धड एक चांगला फोटो मावत नाही! मी चळवळीची पत्रकं लिहितो. त्यांवर मामांचा निकाल ठरलेला: "एका फ्लॉपीत मावंल तेवढंच लिही. बाकीचा राग घरी ठेव." मी बजावतो, अहो, अक्षरांना जागा लागत नाही. "तुझ्या अक्षरांना लागती," म्हणत ते तीनपैकी दोन धिक्कार उडवतात.

मामांचा जन्माचा वैरी म्हणजे चुंबक. तो फ्लॉपी पुसतो. बायकांच्या पर्सचं बटण चुंबकाचं असतं, म्हणून पर्स बाहेर पायरीवर ठेवायची. एका वरमाईचं डोकंच फिरलं. "आमी काय चोर हाय व्हय?" "तुमी न्हाय वो, तुमची पर्स!" मी डीजेच्या भिंतींविरुद्ध सह्या गोळा करत होतो, तेव्हा पहिली सही मामांनी ठोकली. मी म्हाताऱ्यांचे कान, लेकरांची झोप असं तावातावाने सांगत होतो. "ते आसंल," मामा म्हणाले, "पण एवढ्या स्पीकरांत चुंबक किती आसंल, सांग की!" मिरवणूक निघाली की फ्लॉप्यांचा खोका मोटारसायकलला बांधून ते कन्हेरीला शेतावर पळतात. आत्या म्हणते, "मला कधी एवढं जपलं न्हाय."

मागच्या लग्नसराईत भवानीनगरची एक ताई धापा टाकत दुकानात आली. तिच्याकडे ब्लाउजवर भरतकाम करणारं जुनं कॉम्प्युटरचं मशीन आहे. त्याला नक्षी फ्लॉपीतूनच द्यावी लागते. मामांनी भरून दिलेल्या फ्लॉप्या तिच्याकडे ढीगभर होत्या, पण मशीनमधला फ्लॉपी वाचणारा ड्राइव्हच बंद पडला होता, आणि बाजारात नवा मिळत नव्हता. ती मामांना म्हणाली, "चार घरच्या नवरीचं काम अंगावर घेतलंय, आबा. आता चुकलं तर परत कुणी दारात येणार न्हाय."

मी पेटलो. यंत्रं गळ्यात मारून सुटे भाग बंद करणाऱ्या कंपन्यांचा जाहीर निषेध झालाच पाहिजे! मला मथळासुद्धा सुचला. मामांनी माझ्याकडे न बघता पेचकस उचलला आणि स्वतःच्या कॉम्प्युटरचा ड्राइव्ह उपसायला घेतला.

"मामा, मग तुमच्या फ्लॉप्या कशात वाचणार?"

"माझं कुठं लगीन आडलंय?"

त्यांना मागे बसवून मी भवानीनगर गाठलं. मामांनी ड्राइव्ह बसवला, फ्लॉपी सारली, आत खरखर झाली, आणि लाल कापडावर मोराचा तुरा उमटायला लागला. "चालतंय, आबा, चालतंय!" ताई ओरडलीच. चहा झाला. एक मोर झाला, दुसरा झाला. मामा हलेनात.

"निघायचं का, मामा?"

"थांब रं. लेक सासरी पोचवली की लगीच पाठ फिरवत्यात व्हय? जरा नांदताना बघू दे."

मला कुठंच दोन मिनिटं गप्प बसवत नाही. तिथं मात्र मी मांडी घालून त्यांच्या शेजारी बसलो.