सलूनवाल्याची कर्दळ

गल्लीच्या तोंडाशी मामांचं सलून. खुर्ची एकच, आणि तिच्यात बसलेल्या माणसाला पळून जायची सोय नाही. गालाला साबण लावून मामा कर्दळीवर बोलू लागले की गिऱ्हाईक मुकाट ऐकून घेई. गळ्याशी वस्तरा असताना वाद कोण घालणार?

"फूल सुकलं की खुडायचं. बोंड धरू द्यायचं नाही. बी धरलं की झाड आळसावतं. केस काय आणि कर्दळ काय, वेळच्या वेळी छाटली तर जोमात."

"माझ्या डोक्यावर छाटण्यासारखं उरलंय काय, मामा?"

"म्हणूनच सांगतो, कर्दळ लावा."

कर्दळ खरं तर मामींची. घरामागे मोरीचं पाणी जिथे बाहेर पडतं, तिथे त्यांनी एक कंद खोचला होता. मामी गेल्या, कंद पसरत राहिला. मामांनी बराच काळ तिकडे पाहिलंही नाही. मग एका सकाळी दात घासता घासता त्यांना लालभडक फुलोरा दिसला आणि ते तोंडात फेस तसाच धरून उभे राहिले. तेव्हापासून ते कर्दळीचे झाले. मामींच्या भाजीच्या सुरीने गड्डा फोडायचा आणि घरोघर वाटायचा. नकार चालत नसे. उद्याबुवाच्या दारात तर खड्डाही मामांनीच खणला. उद्याबुवाने कुठलंही काम आजच्या आज केल्याचं गल्लीत कुणाला आठवत नव्हतं. त्याच्या कर्दळीवर काटेरी बोंडं लटकलेली पाहून मामांचा जीव वरखाली होई.

"अरे, खूड की ती."

"उद्या, मामा."

यंदा मामींच्या कर्दळीच्या पानांवर पिवळ्या रेघा उमटल्या. मामा हरखले. नवी जात, आणि तीही आपल्या मोरीवर! सुरी घेऊन ते गल्लीभर हिंडले. प्रत्येक दारातला जुना गड्डा फोडला आणि मधे रेघवालीचा तुकडा बसवला. बेकरीवाल्या काकूंना दोन तुकडे दिले, कारण त्यांनी कौतुक जरा जास्त केलं होतं.

पुढे जे कोंब आले ते वाकडेच आले. पानं करपली. फुलं चुरगळलेल्या कागदासारखी. काकूंनी नर्सरीवाल्याला बोलावून सगळी दारं दाखवली आणि शेवटी त्याला सलूनात आणून उभं केलं.

"त्या पिवळ्या रेघा म्हणजे रोग आहे," तो म्हणाला. "औषध नाही. मावा किडीनेही पसरतो, पण इतक्या झपाट्याने म्हणजे कापताना गेलाय. सुरी धुता ना मधे मधे?"

मामांची नजर आरशाकडे गेली. आरशासमोर काचेच्या ग्लासात वस्तरा जंतुनाशकात बुडवलेला होता. उभ्या आयुष्यात त्यांनी एका गिऱ्हाइकाचा वस्तरा तसाच दुसऱ्याच्या गालाला लावला नव्हता. खुर्चीतलं गिऱ्हाईक अर्ध्या दाढीने आरशातून त्यांच्याकडे पाहत राहिलं.

"सगळं उपटून जाळा. एक जरी राहिलं, तरी नवीन लावलेलं टिकणार नाही."

दारोदार धूर निघाला. मामांना तोंडावर कुणी बोललं नाही. दाढीला मात्र लोक पुढच्या चौकात जाऊ लागले. उरली ती फक्त मामींची कर्दळ.

"मामा, तेवढी एकच राहिलीय," काकू हळूच म्हणाल्या.

"उद्या काढतो."

"आता तुम्हीही उद्या म्हणायला लागलात?"

मामा छत्री घेऊन नर्सरी गाठायला निघाले. ऊन नव्हतं, पाऊसही नव्हता. हातात काहीतरी हवं होतं.

"हिच्यातलं काहीच वाचवता येणार नाही?"

"बी असेल तर बघा. बियांतून हा रोग सहसा जात नाही. आहे का बी?"

बी कुठून असणार? स्वतःच्या बोटांनी त्यांनी एकेक सुकलेलं फूल खुडलं होतं, आणि गल्लीला तेच शिकवलं होतं. आता उमलायच्या आधीच कळ्या कुजत होत्या. मग त्यांना उद्याबुवाची न खुडलेली बोंडं आठवली; झाड जाळलं तरी तीन-चार तरी कुठे पडली असतील. छत्री तिथेच राहिली आणि मामा वयाला न शोभेल असे धावत सुटले.

उद्याबुवाच्या दारात राखेचा ढीग होता.

"बोंडं कुठायत रे? काळं, छऱ्यासारखं कडक बी असतं आत..."

"जाळली की. बोंडांसकट. काकू जाळा म्हणून ओरडल्या त्याच दिवशी," उद्याबुवा म्हणाला. "म्हटलं, मामा इतकी वर्षं कानीकपाळी ओरडताहेत, एकदा तरी आजचं काम आज करून दाखवावं."

तो शाबासकीची वाट पाहत होता. मामांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. हात मात्र तिथून लवकर उचलला नाही.

संध्याकाळी त्यांनी मोरीमागचा गड्डा खणून काढला. तो घमेल्यात मावेना. सलूनमधली जुनी वर्तमानपत्रं घातली, रॉकेल ओतलं, तरी पाण्याने फुगलेले कंद पेटेनात; नुसते चरचरत धुमसत राहिले. काकू भिंतीपलीकडून बघून गेल्या.  मामांनी सुरी वस्तऱ्याच्या ग्लासात बुडवून ठेवली. आता तिने कापायचं काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ते अंघोळीला बसले. पहिले तांबे नेहमीसारखे गेले. मग बाहेर पाणी तुंबल्याचा आवाज आला. त्यांनी खिडकीतून वाकून पाहिलं. कर्दळ उपटलेला खड्डा काठोकाठ भरला होता, आणि साबणाचा फेस त्यात गोल गोल फिरत होता. इतकी वर्षं हे पाणी जात कुठे होतं, याचा त्यांनी कधी विचारच केला नव्हता.

बादली अर्धी उरली होती. मामा ओल्या अंगाने तसेच पाटावर बसून राहिले.