डाव्या चाकाचा माग

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आणि खरं सांगायचं तर आजही नाही. रस्त्यावर आयुष्य काढलेल्या माणसाला असल्या गोष्टींना सवड नसते. वडाखाली गाडी बंद पडली की मी आधी पेट्रोलची नळी बघतो, वडाकडे नंतर. तरीही हे लिहितोय… कारण गप्प राहून आता थकलोय.

मी चिंचवडचा. पाच-सहा वर्षांपूर्वी एका कंत्राटदाराच्या ट्रकवर काश्मीरला होतो. पठाणकोटला माल भरायचा आणि बनिहालचा घाट चढून श्रीनगरला टाकायचा. चाकणजवळच्या एका गावचा किसन माझ्याच शब्दावर तिथे लागला होता. मला तात्या म्हणायचा.

तिकडे कायदा असा, की बर्फ पडलं की मागच्या दोन्ही चाकांना लोखंडी साखळ्या बांधल्याशिवाय घाटाचं फाटक उघडायचं नाही. आणि आमच्या कंत्राटदाराची रीत अशी, की दोन गाड्यांत साखळ्यांची एकच जोडी! मग पहिली गाडी साखळ्या दाखवून फाटक ओलांडायची, वळणाआड जाऊन त्या सोडायची आणि उतरणाऱ्या एखाद्या गाडीबरोबर त्या खाली धाडायची. दुसरी गाडी त्याच पुन्हा दाखवायची; पलीकडे उतरल्यावरच्या फाटकावरही हाच खेळ. पुढे खरोखरीच्या बर्फात ज्याचा माल जड, साखळ्या त्याच्या. हे कुठे लिहिलेलं नव्हतं, पण सगळे पाळायचे.

त्या दिवशी माझ्या गाडीत घोंगड्या होत्या. किसनच्या गाडीत तांदूळ.

मी आधी पुढे जाऊन वळणाआड थांबलो होतो; तो फाटक ओलांडून तिथे आला तेव्हा साखळ्या त्याच्या चाकांवर होत्या. वर आभाळ चुन्यासारखं पांढरं झालेलं. मला भीती वाटली… एवढंच. बाकी सगळं मी नंतर रचलं. म्हणालो, "किसन, माझे टायर पार गुळगुळीत झालेत. साखळ्या मी नेतो."

तो हसला. "घोंगड्यांना थंडी वाजतीय व्हय, तात्या?" मग त्याने माझ्या तोंडाकडे बघितलं. मी वाकून साखळ्या सोडवायला लागलो, तसा म्हणाला, "एक तरी राहू द्या. डाव्या चाकाला. दरी डावीकडं हाय."

मी म्हणालो, "एका साखळीने पलीकडच्या फाटकावर सोडत नाहीत. कायदा आहे."

जन्मात मी कायदा दाखवला तो तेवढाच.

किसनची गाडी उतारावर डावीकडेच गेली. चौकशीत साहेबांनी विचारलं, साखळ्या कुठे होत्या? मी सांगितलं, त्यानेच सोडल्या. साखळ्यांनी गाडी ओढत नाही म्हणायचा. गावी येऊन त्याच्या वडिलांना, हरिबांना, हेच सांगितलं. म्हातारा तेव्हापासून मेलेल्या पोराला चार माणसांत शिव्या घालायचा. "जिवापरीस साखळी जड झाली त्याला!" सून, म्हणजे किसनची बायको, खाली मान घालून ऐकायची. हे माझ्या कानावर यायचं आणि मी गप्प बसायचो.

नंतर काश्मीर सोडलं. पिंपरीला कारखान्याचं बांधकाम चालू होतं, तिथे विटा टाकायला लागलो. आणि भर चैत्रात, टळटळीत उन्हात, मागून आवाज आला— खण… खण… खण. साखळी बांधलेलं चाक कोरड्या रस्त्यावर वाजतं, तसा. उतरून पाहिलं. काही नाही. विटा उतरवणारी एक बाई म्हणाली, "ओ डायव्हरभाऊ, चाकाला शिडी बांधलीया का काय?"

धुळीत माझ्या गाडीचा माग होता. उजवा साधा. डाव्या चाकाच्या मागावर मात्र आडव्या पट्ट्या, शिडीसारख्या. टायरवरून हात फिरवला— गुळगुळीत. मिस्त्रीने चाक खोलून पाहिलं. "राव, चाकात काय न्हाई. झोप काढा जरा," म्हणाला.

माग रोज उठत नसे, पण उठला की डावाच.

पुढे एकदा कांदा भरायला चाकणच्या बाजारात गेलो. गाडी लावली आणि मागे कुणीतरी उकिडवं बसलेलं दिसलं. हरिबा. धुळीतल्या त्या पट्ट्यांवर बोट ठेवून बसलेले.

"ह्यो साखळीचा माग," ते म्हणाले. "किसनानं सुट्टीला आल्यावर अंगणात काडीनं काढून दाखवला व्हता. बर्फात असा उठतो म्हणं." मग वर बघून, "पर तात्या, हितं कसली साखळी? आन् एकाच चाकाला?"

मी तिथेच, कांद्याच्या पोत्यांत, सांगून टाकलं. माल माझा हलका होता, साखळ्या त्याच्या चाकांवरून मी माझ्या हाताने सोडवल्या, चौकशीत खोटं बोललो. किसन शेवटी काय म्हणाला ते मात्र सांगितलं नाही. तेवढं तोंडातून निघेना.

म्हाताऱ्याने पट्टीवरचं बोट उचललं. मग म्हणाला, "एक तरी राहू द्यायची. डाव्या चाकाला."

ते वळण त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं.

माफी त्यांनी दिली नाही, मीही मागितली नाही. "चल," म्हणाले, "हे माझ्या सुनंपुढं बोल. गावापुढं बोल." माझ्याच गाडीत बसले. वाटभर खण… खण. त्यांनाही ऐकू येत होतं, कारण प्रत्येक वळणाला ते डाव्या दाराचा दांडा घट्ट धरत होते. अंगणात चार माणसं जमवून मी सगळं बोललो. सून पहिल्यांदाच मान वर करून माझ्याकडे बघत होती.

त्यानंतर माग कधी उमटला नाही. आवाज थांबला असं लिहिलं असतं, पण आता खोटं पुरे झालं— अजून येतो कधीमधी. तो का येतो, माग कसा उठायचा, हरिबांच्या तोंडी ते शब्द कुठून आले, मला माहीत नाही. कुणी शिकल्यासवरल्या वाचकाला उलगडलं तर जरूर कळवावं.

एवढंच ठाऊक आहे, की त्या अंगणात गाडीचा शेवटचा माग उमटला होता, आणि किसनची बायको सकाळी अंगण झाडायची ते तेवढी पट्टी सोडून. शेवटी वाऱ्यानेच तो नेला.