कोइंबतूरचं बजेट आणि माझे दोन नवस

मुलगी परगावी निघायची ठरली की सामान नंतर गोळा होतं, किस्से आधी! आमच्या जबलपूरच्या खमरिया फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये गेल्या तीन महिन्यांत इतके साठलेत, की सोळा सोमवारच्या पूजेला आलेल्या बायका आरतीआधीच विचारतात, "आज काय नवीन?" मी सांगते, त्या हसतात, त्यांच्याबरोबर मीही हसते. पण खरं सांगू? यातलं काहीही घडत असताना मला हसू आलेलं नव्हतं.

तर आमची रेवा. वय तेवीस, एकुलती एक. औषधं तपासायचं शिकली आणि तिला थेट कोइंबतूरच्या एका लॅबमध्ये नोकरी लागली. जबलपूरहून दोन दिवसांचा प्रवास. तिथे ना आपलं कुणी, ना आपली भाषा. तिच्या बाबांनी नकाशा उघडला, जबलपूरवर बोट ठेवलं आणि खाली सरकवत गेले, सरकवत गेले. शेवटी मीच म्हटलं, "अहो पुरे! पुढे समुद्र आहे!"

*

ऑफर लेटर आलं त्या दिवशी मी देवापुढे साखर ठेवली आणि रेवाने लॅपटॉप उघडला. एक्सेलमध्ये भला मोठा तक्ता! पगार, पीजीचं भाडं, डिपॉझिट, बस, मोबाइल, आजारपण.

"आई, पहिले दोन महिने टाइट जातील. तिसऱ्यापासून बचत. सहा महिन्यांचं सगळं प्लॅन केलंय मी."

मी चष्मा लावून पाहिलं. खरंच सगळं होतं. कपड्यांच्या साबणाची वडीसुद्धा होती.

"यात संकष्टी कुठे आहे?"

"म्हणजे?"

"उपासाच्या दिवशी मेसमध्ये कोण तुला साबुदाणा भिजवून देणार आहे? दाणे, राजगिरा, दही, काहीच लिहिलेलं नाहीये."

"अरे यार आई, मी उपास करतच नाही!"

"आत्ता करत नाहीस. तिथे देवाची आठवण आली तर?"

रेवाने एक लांब श्वास घेतला आणि खाली एक ओळ वाढवली. मी वाकून वाचलं. 'आईचं समाधान, दरमहा दोनशे.'

"इतकंच?" मी म्हटलं.

*

पुढच्या सोमवारी बातमी आमच्या पूजेच्या मंडळात फुटली. आमच्यात लिमयेकाकू सगळ्यांत मोठ्या. आरतीचा सूर त्या लावतात आणि बाकीच्यांनी तो ओढायचा. त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "एकट्या पोरीला इतक्या दूर काहून पाठवून राहिली गं तू?"

झालं! जिला जे आठवेल ते ती सांगू लागली. कुणाची भाची पीजीच्या बाथरूममध्ये अडकली होती, कडीच निघेना. कुणाच्या मुलीच्या गीझरने करंट मारला होता. शेजारच्या क्वार्टरमधल्या दुबे भाभी तर हात जोडूनच म्हणाल्या, "हमारी ननद की लड़की के कमरे में बंदर घुस आया था!"

मी वात वळायची सोडून ऐकत बसले. तेवढ्यात आतून रेवा लॅपटॉप घेऊन आली आणि सतरंजीच्या कडेला मांडी घालून बसली. "एक-एक करके बोलिए आंटी, मैं लिख रही हूँ."

मग काय विचारता! दाराला जादा कडी, दीडशे. गीझरसाठी टेस्टर, साठ. शिट्टी, टॉर्च, मिरचीचा स्प्रे. माकडासाठी काठी, फुकट, बाबांची न्यायची. बायकांना इतका हुरूप आला, की कथा बाजूलाच राहिली आणि भीतीचा लिलाव सुरू झाला. सतरा ओळी भरल्या.

मग दुबे भाभींनी हळूच विचारलं, "और बेटा, अकेले में रोना आ गया तो?"

रेवाची बोटं थांबली. तिने काहीतरी टाइप केलं, पुसलं, पुन्हा टाइप केलं, पुन्हा पुसलं.

"मोबाइल का रिचार्ज तो लिखा ही है, आंटी," ती म्हणाली.

लिमयेकाकूंनी घाईघाईने आरती सुरू केली. त्या दिवशी सूर फार वरचा लागला. कुणालाच गाठता आला नाही.

*

रेवाचे बाबा इथल्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीच्या स्टोअरमध्ये एकतीस वर्षं आहेत. त्यांचं म्हणणं, "ट्रायल झाल्याशिवाय माल बाहेर जात नाही."

म्हणून आमच्या मागच्या अंगणातल्या खोलीवर त्यांनी खडूने लिहिलं, 'कोइंबतूर'. रेवाने तिथे आठ दिवस एकटीने राहायचं. स्वतःची शेगडी, स्वतःचं बजेट. स्वयंपाकघरात यायचं नाही, आम्ही तिकडे जायचं नाही. रविवारी पोरगी गादी आणि कुकर उचलून अंगण ओलांडून गेली. फार तर पंधरा पावलं. मी दारात उभी राहून डोळे पुसत होते!

दुसऱ्याच दिवशी मला राहवेना. यांच्यासाठी पिठलं केलं होतं, त्यातलं वाटीभर घेऊन गेले आणि कडी वाजवली.

"कौन है?"

"मी गं."

"मी कोण?"

"आई!"

"पुरावा काय?"

"बारा तास कळा सोसल्या," मी म्हटलं, "आणखी काय पुरावा देऊ?"

आतून आवाज आला, "आई, तूच सांगितलंस ना, आवाज ओळखीचा वाटला तरी दार उघडायचं नाही म्हणून?"

नाहीच उघडलं तिने! मला राग यायला हवा होता. पण इतकं हायसं वाटलं, की मी पायरीवर बसले आणि बोटाने पिठलं मीच खाऊन टाकलं. वाटी चाटूनपुसून झाल्यावर आठवलं. सोमवारचा उपास! सोळातला अकरावा!

महादेवाला काय सांगायचं ते मी अजून ठरवून राहिले आहे.

*

आठ दिवस झाले. रेवा लॅपटॉप घेऊन आली आणि तिने बाबांना हिशेब दाखवला. बजेटमधले चाळीस रुपये उरले होते! हे इतके खूश झाले, की "पास!" म्हणून टेबलावर थाप मारली.

मी आपली ओळी वाचत होते. दूध, बटाटे, ब्रेड. बुधवारच्या ओळीत, तापाची गोळी, तीस रुपये.

"ही कशाला गं?"

"थोडा ताप होता. एकशे दोन. गेला मग दुसऱ्या दिवशी."

"आणि मला हाक नाही मारलीस?"

"आई, कोइंबतूरहून मारलेली हाक तुला ऐकू आली असती का?"

ती हे टोचून बोलली नाही. अगदी सरळ बोलली. तिला नियम पाळायचा होता, तिने पाळला.

पण त्या बुधवारची दुपार मला लख्ख आठवते. मी अंगणात त्याच खोलीच्या भिंतीला टेकून तांदूळ निवडत बसले होते. भजन गुणगुणत होते. मधे एक भिंत, पलीकडे माझी पोर तापाने फणफणलेली, आणि मला कळलं नाही! आईला म्हणे आतून कळतं. मला काहीसुद्धा कळलं नाही.

हा किस्सा मी मंडळात अजून सांगितलेला नाही.

*

आता नवसाचं. रेवाने नोकरीसाठी अर्ज केला तेव्हाच मी नर्मदामैयाला बोलले होते, "पोरीला नोकरी लागू दे, चुनरी चढवीन." नोकरी लागली. सोळा सोमवार पुरे झाले की चुनरी घेऊन नर्मदेच्या ग्वारीघाटावर जायचं, असं मनात होतं.

पण तापाचं कळलं त्याच्या दुसऱ्या दिवशी आंघोळ करताना डोक्यावर तांब्या ओतला, "नर्मदे हर" म्हटलं आणि मला न विचारताच तोंड पुढे बोलून गेलं, "मैया, हिचं जाणं राहू दे. चुनरी चढवीन."

मैया तीच, चुनरीही तीच, आणि मागणं उलटं! तरी मी मनाला समजावलं, की आंघोळीतलं बोलणं काही नवसात धरत नसतील.

तिसऱ्या दिवशी मेल आला. लॅबचं काही काम राहिलंय, जॉइनिंग पंधरा दिवस पुढे.

रेवा मोठ्याने वाचत होती आणि माझ्या हातातलं लाटणं घरंगळत दारापर्यंत गेलं. पोचलं की माझं बोलणं मैयापर्यंत! आज पंधरा दिवस पुढे, उद्या महिना, परवा नोकरीच गेली तर? पोरीने जिवाचं रान करून मिळवलेलं, आणि आईने एका तांब्यात बुडवलेलं! इतके दिवस ती जाईल म्हणून घाबरत होते, आता तिचं जाणं चुकेल म्हणून घाम फुटला.

"रेवा, स्कूटी काढ. ग्वारीघाटावर जायचंय."

"आत्ता? काहून?"

"तू चल फक्त."

घाटावर पंडितजी छत्रीखाली बसले होते. मी एका दमात सांगून टाकलं, की एक नवस फेडायचाय आणि एक परत घ्यायचाय. रेवा मागेच उभी होती, तिच्यासमोर सांगावं लागलं. काय करणार!

पंडितजींनी मान हलवली. "माताजी, मैया के यहाँ जो अर्ज़ी लग गई, वो वापस नहीं होती."

"फिर अब?"

"दोनों चुनरी चढ़ा दीजिए. कौन-सी सुननी है, वो देख लेंगी."

दोन चुनऱ्या घेतल्या, चढवल्या. मागे वळून बघायची माझी छाती होईना. पायरीवर बसले, पाण्यात पाय सोडले. रेवा शेजारी येऊन बसली. समोरून नावा जात होत्या.

"रागावलीस?" मी विचारलं.

"आई, अजून एक चुनरी घ्यावी लागेल."

"तिसरी कशाला?"

ती पाण्यात बघत म्हणाली, "मी पण मागितलं होतं. पण फक्त पंधरा दिवस."

*

पंधरा दिवस काय, बघता बघता सरले. पुन्हा मेल आला नाही. रेवाची अट होती, की स्टेशनवर कुणी यायचं नाही. "तुम्ही प्लॅटफॉर्मवर दिसलात तर मी गाडीत चढणारच नाही!" म्हणून निरोप घरच्या फाटकातच द्यायचा होता.

सकाळी दहाला ऑटो दाराशी लागला. बॅगा बाहेर आल्या. मी दहीसाखर घेऊन उभी. तेवढ्यात हे आतून आले. कानावर पेन्सिल, हातात दोन कागद आणि मधे कार्बन!

यांच्या स्टोअरची रीत अशी, की टाचणीसुद्धा गेटबाहेर जायची तर पास लागतो. त्यावर प्रत्येक वस्तूपुढे लिहायचं, परत येणार की परत न येणार. एकतीस वर्षांत त्या गेटाआड नेमकं काय बनतं हे या माणसाने मला सांगितलेलं नाही. आणि या तीन महिन्यांत, पोरीच्या जाण्याची भीती वाटते का, तेही नाही.

हे फाटकात उभे राहिले आणि वाचायला लागले.

"स्टीलचे डबे, चार नग. परत येणार."

"बाबा, सीरियसली?" रेवा म्हणाली. पण डबे काढून दाखवले तिने!

"कुकर, एक नग. परत येणार. लिंबाचं लोणचं, एक किलो. परत न येणार. लोणच्याची बरणी, एक नग. परत येणार."

ऑटोवाला घड्याळ बघायला लागला. "अंकल जी, ट्रेन छूट जाएगी."

"रुको भैया, चेकिंग बाकी है." मग माझ्याकडे वळून, "नर्मदेचा गोटा, एक नग. हा तू बॅगेत घातलायस. परत येणार का?"

"देव तिच्याजवळच राहतील," मी म्हटलं.

"परत न येणार," म्हणत यांनी खूण केली आणि कागद पुढे केला. "सही."

रेवाने खालपर्यंत वाचलं. शेवटची ओळ होती, 'रेवा, एक नग.' पुढचा रकाना कोरा.

"बाबा, हे भरायचं राहिलं."

"ते स्टोअरवाल्याच्या अधिकारात नाही," हे म्हणाले. "माल नेणाऱ्याने भरायचं."

यांनी कानावरची पेन्सिल काढून दिली. रेवाने कागद ऑटोच्या सीटवर ठेवला आणि वाकून लिहिलं. 'येणार' लिहायला किती वेळ लागतो? 'न येणार' लिहायलाही? तिला त्यापेक्षा जास्त लागला. मग सही केली, कार्बनखालचा कागद घडी करून पर्समध्ये टाकला, वरचा बाबांच्या हातात दिला, दोघांच्या पाया पडली आणि मागे न बघता ऑटोत बसली.

यांनी कागद वाचला. चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, लावला आणि पुन्हा वाचला. मग घडी करून वरच्या खिशात ठेवला आणि खिशाचं बटण लावलं.

ऑटो वळणापलीकडे गेला. दहीसाखर माझ्या हातातच राहिली होती.

"काय लिहिलंय हो तिने?" मी विचारलं.

"ऑफिस कॉपी आहे," हे म्हणाले. "दाखवता येत नाही."