ओवीसाठी पसरलेलं पीठ

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी आजवर तोंडावर हसत आले. आता माझ्यावर हसायचं असेल तर खुशाल हसा.

मी झाशीची. घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलंच, त्यामुळे मराठीत हिंदी घुसते, सांभाळून घ्या. सदर बाजारात एका दुकानावरच्या खोलीत दर गुरुवारी दुपारी मी घरचं माणूस गमावलेल्यांचा ग्रुप घेते. खुर्च्या गोल मांडायच्या, ज्याला बोलायचंय त्याने बोलायचं, बाकीच्यांनी उपदेशाचे डोस पाजायचे नाहीत. मी काउन्सेलर आहे, मांत्रिक नाही.

वैशाली आणि संतोष साताऱ्याकडचे. तो फौजेत, पोस्टिंग जवळच्या बबीन्याच्या छावणीत, बिऱ्हाड सदरमध्ये भाड्याचं. त्यांची पाच वर्षांची ओवी अंगणातल्या पाण्याच्या टाकीत पडून गेली. झाकण उघडं राहिलं होतं. ते वैशालीने ठेवलं असं सासू म्हणाली, संतोष म्हणाला... आणि मग वैशालीही तेच म्हणायला लागली. आठवत तर नाही ताई, पण मीच ठेवलं असणार — दर गुरुवारी हेच, संतोष शेजारच्या खुर्चीत बसलेला असताना.

आपल्यात माणूस गेलं की त्या जागी दिवा लावून पीठ पसरतात आणि त्यात काही उमटलंय का बघतात. लहान मुलांचं हे सगळं करत नाहीत, म्हणून सासूने पसरू दिलं नव्हतं. वैशालीने तेच मनात धरलं होतं. ओवी आपल्यावर रागावून गेली का, एवढंच तिला बघायचं होतं.

मी म्हटलं, घरी नाही तर इथे ग्रुपमध्ये बघू दे एकदाचं. सपाट पीठ डोळ्यांनी बघेल, पोटभर रडेल, मोकळी होईल. संतोष कुरकुरला, हे असलं कशाला मॅडम म्हणाला, पण चारचौघांत अडवलं नाही.

पुढच्या गुरुवारी वैशालीने घरून पीठ चाळून आणलं, खुर्च्यांच्या मधोमध पसरलं, दिवा लावला. सगळ्यांना बाहेर काढून कुलूप मी घातलं. खिडकीला जाळी, दार एकच. त्या दाराबाहेरच उभं राहून आम्ही चहा प्यायलो, किल्ली माझ्या मुठीत.

दार उघडलं. पीठ एका कडेला विस्कटलं होतं. तिथून फरशीवर इवली इवली पांढरी पावलं निघाली होती... थेट संतोषच्या खुर्चीपर्यंत. खुर्चीसमोर दोन्ही पावलं जोडून. परत फिरलेलं एकही नाही.

तळवा पूर्ण उमटला होता. ओवीचे पाय सपाट होते, फौजेत घेणार नाहीत तुला म्हणून संतोष तिला चिडवायचा. हे मला वैशालीनेच कधीतरी सांगितलं होतं.

ग्रुपमधले तिवारीजी, रिटायर्ड मास्तर, माझ्याकडे बघत हळूच म्हणाले, "दीदी, ताला तो आपने ही लगाया था।"

संतोष दारातून आत आलाच नाही. "झाकण मी काढलं होतं," म्हणाला. "पाणी किती चढलंय ते बघायला. फोन आला आणि तसाच आत गेलो." त्याला हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. बायको रोज स्वतःला खात होती आणि हा मेला शेजारच्या खुर्चीत बसून ऐकत होता! मला त्याची शिसारी आली. आणि खोटं कशाला बोलू, आनंदही झाला. वाटलं, सुटली पोर.

मी वैशालीला जवळ घेतलं. "ऐकलंस ना? तुझी काही चूक नव्हती."

तिने माझा हात बाजूला केला. ती त्या पावलांकडेच बघत होती.

"त्याच्याकडे गेली, ताई," ती म्हणाली. "माझ्याकडे आलीच नाही."

संतोष बदली मागून घेऊन गेला. वैशाली इथेच आहे. आता टाकीचं नाव काढत नाही. दर गुरुवारी ताजं पीठ चाळून आणते, पसरते, आणि संतोषच्या खुर्चीसमोर ओवीचा फ्रॉक ठेवते. मी कुलूप घालते. दार उघडलं की पीठ सपाट.

त्या दुपारी काय झालं, मला आजही सांगता येत नाही. खूप डोकं चालवलं, काही हाती लागलं नाही. हे सगळं बंद कर म्हणून मी तिला चारदा तरी विनवलं असेल. ती ऐकून घेते आणि जाताना एवढंच विचारते, "पुढच्या वेळी कुलूप न लावता बघायचं का, ताई? तिला दार उघडता येत नसेल."