शहात्तरावा प्रवासी

आमच्या सोसायटीच्या फाटकातून कुठलीही गाडी बाहेर पडू दे, तुळशीराम घरत तिच्या अंगावर दोन थापा मारतात. पाण्याचा टँकर असो, शाळेची व्हॅन असो, नाहीतर माझ्या भाचीची कोरी मोटार. भाची पहिल्यांदा दचकली. तिने ब्रेक दाबला, काच खाली केली आणि विचारलं, “काय झालं, काका?”

“काय नाय. तू सुटलीस,” ते म्हणाले.

चौतीस वर्षं तुळशीराम पनवेलच्या एसटी स्थानकात होते, आधी कंडक्टर आणि मग वाहतूक नियंत्रक. मूळचे उरणच्या मोरा बंदराजवळच्या गावातले, वडील मिठागरात कामाला. निवृत्त झाल्यावर मुलाने खांदा कॉलनीत आमच्या समोरचा फ्लॅट घेतला. तेव्हापासून मी त्यांना ओळखते. शिट्टी गळ्यात, वही खिशात आणि नजर कायम कुठल्यातरी न आलेल्या गाडीकडे.

त्यांची बायको वेणू म्हणते, “सगल्या जगाला यानी गाडीत बसवला, ताई. सोता कदी बसला नाय.” मुलाच्या लग्नात अक्षता पडल्या तेव्हा तुळशीराम मे महिन्याच्या जादा गाड्या सोडत होते. निवृत्तीनंतर नात समृद्धीच्या शाळेत स्नेहसंमेलन होतं, तिथे तरी ते वेळेवर पोचले. पण शाळेच्या दारात रिक्षा आणि बस एकमेकींत अडकल्या होत्या. त्या मोकळ्या करून घामाघूम होऊन ते आत आले, तर समृद्धी नाचून, वेश बदलून, वडापाव खात बसली होती. तिने अर्धा वडापाव त्यांना दिला, एवढंच. वेणू सांगते की तो वडापाव त्यांनी तसाच घरी आणला.

म्हणून यंदाचा प्रसंग साधा नव्हता. नेरूळच्या स्टेडियमवर भारताच्या मुलींचा आंतरराष्ट्रीय सामना होता, वीस षटकांचा, रविवारी दुपारी दोन वाजता. खेळाडूंचा हात धरून मैदानात जाणाऱ्या बावीस मुलांत समृद्धीची निवड झाली होती. एक वाजून पन्नास मिनिटांनी ती बाहेर येणार, राष्ट्रगीत होणार आणि मुलं परत आत जाणार. सगळा खेळ पाच मिनिटांचा.

“आजोबा,” तिने सगळ्यांदेखत बजावलं, “तुम्ही जागेवर नसलात तर मी हात हलवणार कोणाला?”

तुळशीरामांनी वही काढून लिहिलं: १.५०.

सोसायटीतून शहात्तर जणांनी तिकिटं काढली. रविवारी हार्बर लोकलवर मेगाब्लॉक जाहीर झाला होता, म्हणून दोन खासगी बस ठरल्या आणि सगळं नियोजन अर्थातच तुळशीरामांकडे आलं. माझं अक्षर बरं आहे, म्हणून तक्ता लिहायचं काम माझ्याकडे. तिकिटांची पाकिटंही माझ्याच पिशवीत राहणार होती. “लोकांकडं दिली का हरवतात, ताई. तुमच्याकडं दिली का तारीख-वार टाकून ऱ्हातात.”

तीन रविवार ते दुसऱ्यांच्या मोटारीत बसून नेरूळपर्यंत जाऊन आले. प्रत्येक सिग्नलला किती सेकंद लागतात ते वहीत उतरवलं. स्टेडियमच्या कुठल्या बाजूला सावली असते, स्वच्छतागृह दारापासून किती पावलांवर आहे, सगळं टिपलं. सोसायटीचे सेक्रेटरी विनायक मोबाइल पुढे करून म्हणाले, “काका, हे बघा, पस्तीस मिनिटं दाखवतोय.”

“त्याला इचार, त्यात पाटणकर आजोबांचं स्वच्छतागृह धरलंय का?”

गणपतीच्या जादा गाड्यांत त्यांना एक गोष्ट कळली होती: माणसांना वेळ सांगायची नसते, माणसागणिक वेळ सांगायची असते. मला त्यांनी खरी वेळ सांगितली, पावणेअकरा. विनायकना साडेदहा. तिसऱ्या मजल्यावरचे परेशभाई आणि हेतलबेन यांना दहा. हे दोघं दहा चाळीसला धावतपळत खाली आले आणि आपण पाऊण तास नव्हे, तर फक्त चाळीस मिनिटं उशीर केला म्हणून एकमेकांचं कौतुक करू लागले. हेतलबेनच्या हातात थेपल्यांचे चार डबे.

“डबा आत सोडत नाय, बेन.”

“काका, थेपला ए डबा नथी, थेपला छे!”

“मंग बसमदी संपवायचा. तक्त्यात टाका, ताई. कामोठ्याला थेपला.” मी टाकलं.

समृद्धीला घेऊन तिची आई कोमल सकाळीच स्कूटरवरून पुढे गेली होती; त्या दोघी या शहात्तरांत नव्हत्या. इकडे तुळशीराम फाटकाशी उभे राहून प्रत्येकाला बसवत होते. पांढरा शर्ट, कडक इस्त्री. पाटणकर आजोबांना पुढची जागा, लहान मुलांना खिडकी, सतत बोलणाऱ्या दोघींना वेगवेगळ्या बसमध्ये. आपला मोबाइल त्यांनी वेणूच्या पिशवीत टाकला, कारण ‘ड्युटीवर फोन नाय.’ पहिल्या बसमध्ये चढून त्यांनी बोटांनी मोजलं: अडतीस. दुसरीत जाऊन मोजलं: सदतीस. खाली उतरून आमच्या खिडकीशी आले.

“पंच्याहत्तर. बरोबर, ताई.”

“बरोबर,” मी म्हटलं. तक्ता माझ्याच मांडीवर होता, शहात्तर नावांचा, माझ्याच हातचा. शाळेत सिस्टर अ‍ॅग्नेसने बेरीज दोनदा तपासायला शिकवली होती. त्या दिवशी मी एकदाही तपासली नाही. कामोठ्याआधीच हातात आलेला थेपला फार छान झाला होता.

अकरा पाचला शिट्टी, दोन थापा, आणि आमची बस सुटली. मागून अकरा सहाला दुसरी. वेणूने मान वळवून पाहिलं. “मागच्या गाडीत बसला असंल. शेवटच्या गाडीनं यायची सवय हाय त्याला.”

कामोठ्याला आम्ही थांबलो ते थेपल्यासाठी नव्हे. पुढे एका लग्नघरचा हळदीचा टेम्पो दोन मार्गिका अडवून आडवा बंद पडला होता. त्यावर माणसाच्या उंचीचे स्पीकर आणि हळदीने पिवळेधमक झालेले वीसेक पाहुणे. टेम्पो चालू होत नव्हता, पण गाणं बंद व्हायला तयार नव्हतं. दहा मिनिटं आम्ही शिस्तीत बसलो. तक्त्यात ठळक अक्षरांत लिहिलं होतं, ‘मधे कोणी उतरू नये.’ मग परेशभाई उतरले. मग विनायक. मग वेणू पदर खोचून उतरली आणि आपल्याच गावाकडची हळद असल्यासारखी नाचू लागली. एका पाहुणीने माझ्या गालाला हळद लावली. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, कामोठ्याच्या पुलाखाली, भर हायवेवर! नवऱ्या मुलीचं नावही मला ठाऊक नव्हतं, तरी मी दोन पावलं टाकली. माझ्या रोजच्या डायरीत मी ‘दोन’ लिहिलं आहे. वेणूच्या मते जास्त होती.

मागच्या बसमधलेही खाली उतरून आले. वेणूने नाचता नाचता विचारलं, “आमचा म्हातारा उतरला नाय का? रागावला असंल.”

“तुळशीरामकाका?” त्या बसमधली एक बाई म्हणाली. “ते तुमच्या बसमध्ये आहेत ना?”

गाणं चालूच होतं, आम्ही तेवढ्या थांबलो. विनायकने घाईघाईने त्यांचा नंबर लावला. वेणूच्या पिशवीत फोन वाजू लागला.

“अगं बाई,” वेणू म्हणाली आणि रस्त्याच्या मधल्या कठड्यावर बसली. “ऱ्हायला. पुन्यांदा ऱ्हायला.”

मी तक्ता उघडला. शहात्तराव्या ओळीवर माझ्या स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं: श्री. तुळशीराम घरत. नियंत्रक स्थानकातली सगळी माणसं मोजतो, त्यात स्वतःला धरत नाही. त्यांनी चौतीस वर्षं मोजलं तसंच मोजलं होतं. चूक माझी होती.

बस मागे वळवायला जागा नव्हती. बारा वाजले, सव्वाबारा. पिवळे पाहुणे, आमचे लोक आणि एक ट्रकवाला मिळून टेम्पो ढकलत होते आणि गाण्याच्या ठेक्यावर ढकलत असल्यामुळे तो जितका पुढे जाई तितकाच मागे येई. बारा पंचवीसला वेणूचा फोन वाजला. नंबर अनोळखी होता.

“पोचलो,” पलीकडून तुळशीराम म्हणाले. “तुमी कुटं?”

“पोचलास? कुटं पोचलास?” वेणू ओरडली.

“नेरूळला. दोन नंबरच्या गेटवर. माझं तिकीट ताईंकडं हाय.”

त्याचं असं झालं होतं. आमची बस सुटली, दुसरी सुटली, त्यांनी दोन्ही वेळा वहीत लिहिल्या. “आनी पुढची गाडी कुठली ते बगायला मान वर केली,” असं ते नंतर सांगत होते. “पुढची गाडी नव्हतीच.” तेवढ्यात आमच्या कॉलनीत रविवारी मासळी विकायला येणारी गोदूबाई आपला टेम्पो घेऊन निघाली होती. उरलेली मासळी ती नेरूळच्या बाजारात नेते आणि जाते गव्हाण फाट्यावरून. तुळशीरामांच्या वहीत हाच रस्ता ‘पर्यायी मार्ग’ म्हणून होता. सर्वांनी मिळून नाकारलेला, कारण विनायकच्या मोबाइलने तो सहा मिनिटं जास्त दाखवला होता. गोदूबाई म्हणाली, “बस, दादा. पुढं जागा नाय, मागं पापलेटाशेजारी हाय.”

इकडे बारा पन्नासला हळदीचा टेम्पो एकदाचा बाजूला गेला आणि आम्ही सुटलो. उरण फाट्यापासून पुढे बस मुंगीच्या पावलाने. वेणू दर मिनिटाला मला घड्याळ विचारी आणि आपल्या मनगटावरच्या घड्याळाकडे बघून ते खोटं ठरवी. दीड वाजता पार्किंग, अजून बारा मिनिटांचं चालणं. वहीतला आकडा, तोही तरुण माणसाच्या पायांचा. परेशभाईंनी माझी पिशवी घेतली, हेतलबेनने माझा हात धरला आणि आम्ही धावलो. मी शेवटची धावले होते ती शाळेच्या लिंबू-चमच्याच्या शर्यतीत. तेव्हा हळद लागलेली नव्हती आणि लिंबू पडलं होतं.

एक त्रेचाळीस. दोन नंबरच्या गेटवर तुळशीराम उभे होते. इस्त्रीच्या शर्टावर खवले चमकत होते आणि रांगेतली माणसं त्यांच्याभोवती सन्मानाने चार फूट जागा सोडून होती. आम्हाला पाहताच त्यांनी वही काढली.

“दीड तास लेट. कारन?”

“हळद!” आम्ही पाचसहा जणांनी एकदम सांगितलं.

मी पाकिटांतून त्यांचं तिकीट शोधून हातात दिलं. तपासणीच्या माणसाने त्यांना थांबवलं. “बाबा, शिट्टी आत चालणार नाही. जमा करा, नाहीतर बाहेर ठेवून या.”

ती शिट्टी मी त्यांच्या गळ्यातून कधी निघालेली पाहिली नव्हती. सकाळी दूध आणायला जातानाही ती असते. वेणूने माझ्याकडे पाहिलं. एक सत्तेचाळीस. आणि मागून कुणीतरी म्हणालं, “काका, ही रांग दोन्हीकडून येतेय, जरा बघा ना, नुसता गोंधळ आहे.” खरंच होता. माणसं उलटसुलट घुसत होती. तुळशीरामांनी एकदा त्या रांगेकडे पाहिलं. त्यांचा उजवा हात अर्धा वर गेला.

मग त्यांनी तोच हात गळ्याशी नेला, शिट्टी काढली आणि तपासणीवाल्याच्या हातात ठेवली. “तूच वाजव बाबा. तुला गरज हाय.”

आणि ते जिन्याकडे धावले. मी मागे आणि वेणू माझ्या मागे, दोन्ही हातांनी मला वर ढकलत. “चल ग ताई, चल ग माय!” वर पोचलो तेव्हा उन्हाचा, हिरवळीचा आणि माणसांचा एकदम लोंढा अंगावर आला. मुलं बाहेर येत होती. निळे कपडे, पिवळे कपडे आणि मधेमधे पांढऱ्या कपड्यांतली छोटी मुलं. डावीकडून सहावी, दोन वेण्या.

तुळशीराम कठड्याशी उभे राहिले. ओरडले नाहीत. गाडी सोडताना करतात तसा हात सरळ वर नेला, तळवा बाहेर. हजारो हात हलत होते, असा सरळ उभा हात एकच होता. समृद्धीने शोधलं, शोधलं आणि मग खेळाडूचा हात न सोडता दुसरा हात तसाच सरळ वर केला.

राष्ट्रगीत झालं. मुलं आत गेली. तुळशीराम आपल्या खुर्चीवर बसले, पाठ टेकून. समोरच्या रिकाम्या खुर्चीवर त्यांनी हलकेच दोन थापा मारल्या. वेणू रडत होती आणि हसत होती आणि म्हणत होती, “वास मारतोस रं, मेल्या, किती वास मारतोस.”

सामना आपण जिंकलो. धावा डायरीत आहेत.

परत निघताना वेणूने त्यांना सगळ्यांच्या आधी पहिल्या बसमध्ये खिडकीशी बसवलं आणि कडेची जागा आपण अडवली, म्हणजे उठता येऊ नये. समृद्धी आजोबांच्या मांडीवर, अकरा वर्षांची असून, म्हणून मोजणीबाहेर. दुसऱ्या बसमधून विनायकने फोनवर आकडा कळवला. तुळशीरामांनी बसल्या बसल्या मान उंच करून आमची बस मोजली, बेरीज केली आणि म्हणाले, “पंच्याहत्तर. बरोबर.”

“शहात्तर!” अख्खी बस ओरडली.

ते गोंधळून मागे वळले, कोण राहिलं ते बघायला. मग त्यांच्या लक्षात आलं. बाहेर कुणी नव्हतं म्हणून मीच खिडकीतून हात काढला आणि बसच्या अंगावर दोन थापा मारल्या.