आंबेकरकाकांची पाच मिनिटं

त्या शुक्रवारी सकाळी मुलांना घेऊन कतारमधल्या समैस्मा गावच्या किनाऱ्यावर गेलो होतो. ओहोटी होती, मुलं ओल्या वाळूत खणत बसली होती आणि फोन वाजला. सुनंदाकाकू होत्या. "निखिल, हे उठलेच नाहीत रे..." एवढंच म्हणाल्या. मी मुलांच्या बादल्या उचलायला लागलो. धाकटा विचारत राहिला, "बाबा, व्हाय आर वी लीव्हिंग?" आंबेकरआजोबा गेले, हे गाडीत बसल्यावर सांगितलं, तेव्हा कुठे ते मलाही खरं वाटलं. या गोष्टीला आता सात आठवडे झाले.

मुकुंद आंबेकर मूळचे नाशिकचे. इथल्या एका गॅस प्रकल्पात ते सीनियर इंजिनीअर होते आणि मी कतारला आलो तेव्हापासून माझे वरिष्ठ. अल दुहैलच्या आमच्या कंपाउंडमध्ये चार घरं पलीकडे राहायचे. ऑफिसात ते आंबेकरसाहेब आणि घरी काका, पण मला ते दोन्हीकडे 'तुम्ही'च म्हणत. मी त्यांच्याहून चोवीस वर्षांनी लहान. फार संकोच व्हायचा. एकदा धीर करून म्हटलं, "काका, मला तू म्हणा ना." ते हसले आणि म्हणाले, "ही क्वेकरांची करणी आहे. त्यांच्यामुळे माझी पंचाईत झालीय."

क्वेकर म्हणजे कोण, हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं. त्यांच्या मुलीला शाळेत अमेरिकेतल्या जुन्या इंग्रज वसाहतींवर प्रोजेक्ट होता. तिला मदत म्हणून काकांनी पुस्तकं आणली. मुलीचा प्रोजेक्ट झाला, ती पुढे कॉलेजसाठी कॅनडाला गेली, ते सगळं विसरूनही गेली. काका मात्र त्यातच अडकले. भिंतभर पुस्तकं जमली आणि मराठीत टिपणं काढून वह्यांवर वह्या भरल्या. शनिवारी संध्याकाळी चहाला गेलं की पोह्यांच्या बशीबरोबर सतराव्या शतकातलं बोस्टन समोर यायचं. प्युरिटन लोक इंग्लंड सोडून समुद्रापार गेले, कारण त्यांना त्यांच्या पद्धतीने देवाचं करू देत नव्हते. तिथे त्यांनी गाव वसवलं, प्रार्थनाघर बांधलं, मुलांना वाचायला शिकवलं. आणि मग तिथे क्वेकर आले. माणूस आणि देव यांच्यामध्ये धर्मगुरू कशाला, प्रत्येकाच्या आत उजेड आहेच, असं म्हणणारे. प्युरिटनांनी त्यांना चाबकाने फोडलं, काहींचे कान कापले, परत आलात तर फाशी असा कायदा करून हद्दपार केलं, आणि तरीही परत आलेल्या चौघांना फासावर चढवलं. त्यांत एक बाई होती. आदल्या खेपेला तिच्या गळ्यात दोर असताना तिची शिक्षा थांबवून तिला घरी पाठवलं होतं. पुढच्या वर्षी ती स्वतःहून परत आली.

"परत का आली?" माझ्या बायकोने विचारलं.

"कायदा चुकलाय हे लांबून सांगितलं तर कोण ऐकणार? म्हणून तिथेच जाऊन उभी राहिली." मग काका म्हणाले, "आणि तो कायदा करणारे दुष्ट नव्हते हो. सचोटीची, मेहनती माणसं होती. तुमच्या-माझ्यासारखी. मला भीती वाटते ती त्याची."

'तुम्ही'चं कोडंही अशाच एका संध्याकाळी उलगडलं. त्या काळच्या इंग्रजीतही तू-तुम्हीचा भेद होता. क्वेकर तो मानत नसत. न्यायाधीशाशीही ते एकेरीत बोलत आणि डोक्यावरची टोपी काढत नसत. काका म्हणाले, "सगळी माणसं सारखी, हे मला पटलं. पण नाशिकचा माणूस मी, सगळ्यांना अरे-तुरे कसं करणार? तेव्हा मी उलटं केलं. सगळ्यांनाच वर नेलं." ऑफिसात चहा देणाऱ्या माणसापासून कंपाउंडच्या माळ्यापर्यंत सगळ्यांना ते हिंदीत 'आप' म्हणत, ते यामुळे. काकू चिडवायच्या, "मांजरालासुद्धा अहो म्हणतात!" माणूस हट्टी होता, हेही खरं. फोनवरच्या मीटिंगमध्ये प्रश्न विचारला की इतका वेळ गप्प बसायचे की समोरच्याला वाटायचं फोन कट झाला.

पण मला लिहायचं आहे ते चार वर्षांपूर्वीच्या एका घटनेबद्दल. गेल्या आठवड्यापर्यंत मी ते घराबाहेर कुणाला सांगितलं नव्हतं.

प्रकल्पाचा एक भाग दुरुस्तीसाठी बंद होता. वाफेच्या पाइपवरचे दोन्ही व्हॉल्व्ह बंद आहेत हे प्रत्यक्ष जाऊन बघायचं आणि मगच कामाच्या परमिटवर सही करायची, असा नियम. त्या दिवशी मी एकच पाहिला. ऊन मरणाचं होतं, दुसरा वर मचाणावर होता, तोही बंद असणारच असं धरून मी सही केली. तो पूर्ण बंद नव्हता. दिलबहादूर नावाचा नेपाळी फिटर तिथे काम करत होता. त्याने जोड सैल केला आणि कोपरापर्यंत हात भाजला. अहवालाचा पहिला मसुदा आला, त्यात लिहिलं होतं की फिटरने पुरेशी खात्री न करता जोड उघडला. म्हणजे हात बरा झाला की दिलबहादूरला कामावरून काढून नेपाळला पाठवणार, हे उघड होतं. मी तो मसुदा दोनदा वाचला... आणि गप्प राहिलो. घराचा हप्ता, पोरांची शाळा, येऊ घातलेलं प्रमोशन, सगळी कारणं मनाशी मांडून झाली.

चौकशी समितीवर आंबेकरकाका होते. खोलीत आम्ही सहाजण. पट्टी बांधलेला हात मांडीवर ठेवून दिलबहादूर टोकाच्या खुर्चीवर बसलेला. मॅनेजर म्हणाले, "यल्ला, चला मुकुंद, सुरू करा, खलास करून टाकू." काका म्हणाले, "सर, आधी पाच मिनिटं सगळे शांत बसू या. मग ज्याला बोलावंसं वाटेल त्याने बोलावं." मॅनेजरनी घड्याळ पाहिलं, खांदे उडवले. क्वेकरांची सभा अशीच होते, हे त्या खोलीत फक्त आम्हा दोघांना माहीत होतं. एसीचा आवाज तेवढा चालू होता. काकांनी माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. मी मात्र दिलबहादूरच्या पट्टीकडे पाहत राहिलो. त्याचा अंगठा हळूहळू हलत होता, दुखतंय का ते चाचपून बघावं तसा. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "दुसरा व्हॉल्व्ह मी पाहिला नव्हता. न बघता सही केली."

पुढचं सरळ झालं. मला लेखी ताकीद मिळाली, वर्षभर परमिटवर सही करायचा अधिकार गेला, प्रमोशनही गेलं. दिलबहादूर राहिला. आजही तो आमच्याच प्रकल्पात आहे. त्या संध्याकाळी पार्किंगमध्ये मी काकांना विचारलं, "तुम्हाला आधीच कळलं होतं ना?"

"मचाणावर चढणाऱ्यांच्या नोंदवहीत तुमचं नाव नव्हतं."

"मग मी बोललोच नसतो तर?"

"सहाव्या मिनिटाला मी बोललो असतो," ते म्हणाले आणि गाडीत बसले. कौतुकाचा किंवा समजुतीचा एक शब्दही नाही. मी बराच वेळ तिथेच उभा होतो. कित्येक दिवसांनी मला नीट श्वास घेता येत होता.

गेल्या आठवड्यात त्यांच्या घरी गेलो. नाशिकला सगळे विधी उरकून काकू घर आवरायला परत आल्या आहेत. पुस्तकं खोक्यांत भरता भरता मी त्यांना चौकशीची ही हकीकत सांगितली. काकांनी त्यांना यातलं काहीच सांगितलेलं नव्हतं. त्या हातातलं काम थांबवून खाली बसल्या.

"तुला त्यांच्या सिन्नरच्या फेऱ्या ठाऊक आहेत?" त्यांनी विचारलं.

मला ठाऊक नव्हत्या. इथे येण्याआधी काका नाशिकजवळच्या एका कारखान्यात होते. तिथेही एका फिटरवर असाच ठपका आला होता. चूक वरच्यांची होती, काकांना ती माहीत होती, तरी त्यांनी अहवालावर सही केली. त्या माणसाची नोकरी गेली. "तेव्हा आमचं नवीन लग्न झालं होतं," काकू म्हणाल्या. "पुढे कतारला आलो, सगळं छान चाललं. पण दर सुट्टीत पहिल्या आठवड्यात हे सिन्नरला जायचे, त्या फिटरांच्या घरी. पहिल्या वर्षी त्यांनी दार उघडलं नाही. दुसऱ्या वर्षी उघडलं आणि लावून घेतलं. तिसऱ्या वर्षी म्हणे पाणी दिलं. नंतर नंतर जेवूनच यायचे."

काकूंनी एका खोक्याची चिकटपट्टी नखाने नीट दाबून बसवली.

"विधींच्या वेळी ते नाशिकला घाटावर आले होते रे. कुणी ओळखत नव्हतं. सगळे गेले तरी थांबून राहिले. मी विचारलं, आपण कोण? तर म्हणाले, मी साहेबांचा सिन्नरचा माणूस." त्यांनी डोळे पुसले. "माझं नाशिकचं तिकीट पुढच्या महिन्याचं आहे. पहिल्या आठवड्यात मीच जाऊन येणार आहे तिकडे. वाट बघत असतील."